नऊशे साठ मीटर सरळ

शिंप्याच्या दुकानावर तिसऱ्या मजल्यावर ते ऑफिस होतं. चार टेबलं, संगणकांचे आठ पडदे, आणि एक खिडकी जी अर्धीच उघडायची. तिथे इमारतींची मॉडेलं बनत. जमिनीवर लोखंड उभं राहायच्या आधी संगणकात ते खांबासकट, बोल्टासकट उभं राही. हे काम करणारी बाई तिथे अकरा वर्षं होती. तिला सगळे ताई म्हणत. साहेबही म्हणत, आणि ते तिच्यापेक्षा वीस वर्षांनी मोठे होते.

त्या वर्षी ऑफिसला एक विचित्र इमारत मिळाली. रुंदी जेमतेम सहा मीटर, उंचीही सहा, आणि लांबी नऊशे साठ मीटर. खिडक्या नाहीत, खोल्या नाहीत. एका प्रयोगशाळेला त्यात एक लांबच लांब नळी बसवायची होती, आतली सगळी हवा काढून टाकलेली, आणि तिच्यातून या टोकाकडून त्या टोकाकडे प्रकाशाचा किरण सोडायचा होता. कशासाठी, ते ऑफिसात कोणालाच नीट ठाऊक नव्हतं. नळीचं काम दुसऱ्यांकडे होतं. ऑफिसकडे फक्त लोखंडी सांगाडा होता: दर आठ मीटरवर एक फ्रेम, म्हणजे दोन खांब आणि कमरेच्या उंचीवर, एका बाजूला चालायची वाट सोडून, एक आडवा बीम, नळीला बसायला. अशा एकशे एकवीस फ्रेमा.

"आगगाडीची शेड समज आणि काढ," साहेब म्हणाले होते, आणि ताईने तशीच काढली होती.

सांगाडा उभा राहिल्यावर प्रयोगशाळेची मोजणीची माणसं येऊन गेली. सलग तीन दिवस, पहाटे हवा स्थिर असताना त्यांनी एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे किरण सोडला, हवेने तो जेवढा वाकतो तेवढं हिशोबातून वजा केलं, आणि प्रत्येक बीमची बैठक किरणाच्या किती खाली आहे याची यादी पाठवली. ताईने ती यादी मॉडेलमध्ये घातली. पडद्यावर प्रत्येक बीमपाशी एक हिरवा ठिपका उमटला. ठिपका बीमच्या वरच्या कडेवर बसायला हवा होता.

बसला नाही.

काही ठिपके तर चांगले वीतभर खाली होते. ते सोपं निघालं. मॉडेलमध्ये बीम कुठल्या रेषेने धरायचा ते सांगावं लागतं, वरच्या कडेने की मधल्या रेषेने. तेवीस बीम मधल्या रेषेने धरलेले राहिले होते, त्यामुळे ते आपल्या निम्म्या जाडीने वर बसले होते. ताईने ते सुधारले आणि चहा मागवला.

पण शेपूट राहिलंच. पहिल्या आणि शेवटच्या फ्रेमपाशी ठिपके तंतोतंत बसत होते. मधे मात्र ते बीमच्या वर तरंगत होते, आणि बरोबर मध्यावर, एकसष्टाव्या फ्रेमपाशी, अंतर होतं अठरा मिलिमीटर. अंगठ्याच्या रुंदीएवढं.

ताईने दोन दिवस त्यात घातले. एखादा बीम चुकून वरखाली सरकवलेला राहिला आहे का ते एकेक बीम उघडून पाहिलं. खांबाशी जोडताना बीमचं टोक ओढलं गेलंय का ते पाहिलं. मॉडेलचा आरंभबिंदू फार लांब असला की आकड्यांचे दशांश गळून ते गोल होत जातात, म्हणून सगळा सांगाडा उचलून शून्यापाशी आणला. कोऱ्या फाईलमध्ये फक्त तीन फ्रेमा नव्याने काढल्या: पहिली, एकसष्टावी, शेवटची. अठरा मिलिमीटर होते तिथेच होते.

मॉडेल निर्दोष निघालं, म्हणजे चूक जागेवरची. असा निष्कर्ष तिने काढला, आणि तो कोणीही काढला असता.

जागेवर फोरमन होता. साठीला आलेला, सडपातळ, कमी बोलणारा माणूस. त्याला सगळे मिस्त्री म्हणत. तीस वर्षं तो लोखंड उभं करत होता. ताईने फोन लावला.

"मिस्त्री, तुमची लेव्हल मधे चढलीय."

"नाही चढली, बाई."

"अठरा मिलिमीटर. मॉडेलमध्ये स्वच्छ दिसतंय."

 पलीकडे कोणीतरी पत्र्यावर ठोकत होतं. "मग मॉडेलला म्हणावं, इथे येऊन बघून जा," मिस्त्री म्हणाला. आवाजात राग नव्हता. म्हणूनच ते जास्त लागलं.

ताईने अहवाल लिहिला. जागेवरची लेव्हल मध्याकडे चढत गेली आहे, मधल्या फ्रेमांचे बीम सोबतच्या तक्त्याप्रमाणे खाली घ्यावेत. साहेबांनी सही केली. पत्र गेलं.

चार दिवसांनी जागेवरून एक कागद आला. तोवर मधल्या अकरा फ्रेमांचे बोल्ट सोडून बीम खाली घेतले होते, आणि प्रत्येकाची आधीची आणि नंतरची उंची मिस्त्रीने स्वतःच्या हाताने लिहिली होती. अक्षर शाळकरी, ठळक, एकही खाडाखोड नाही. खाली समासात एक ओळ होती: "सांगितल्याप्रमाणे खाली घेतले. माझ्या मोजणीने आधी बरोबर होते."

ती ओळ ताईने दोनदा वाचली. मग जेवणाचा डबा तसाच बाजूला ठेवून तिने मिस्त्रीचे आधीचे सगळे कागद काढले. एकशे एकवीस उंची. सगळ्या एकमेकींपासून एका मिलिमीटरच्या आत. इतक्या नेटकेपणाने मोजणारा माणूस मध्यावर येऊन अठरा मिलिमीटर चुकतो, आणि पुन्हा शेवटी आपोआप बरोबर होतो, हे तिच्या गळी उतरेना.

तिने आकडे नुसते बघण्याऐवजी कागदावर मांडले. आडवी रेघ नऊशे साठ मीटरची, उभी मिलिमीटरची. पहिल्या फ्रेमला शून्य. सोळाव्या फ्रेमला आठाला थोडं कमी. एकतिसाव्याला साडेतेरा. शेहेचाळिसाव्याला सतरा. एकसष्टाव्याला अठरा. तिथून पुढे तेच आकडे उलट्या क्रमाने उतरत शून्यावर. तिने ठिपके पेन्सिलीने जोडले. हात कुठे अडखळलाच नाही. एक लांब, शांत कमान तयार झाली.

ताईने अकरा वर्षांत हजारो चुका पाहिल्या होत्या. चूक ही धसमुसळी असते. एका खांबापाशी उडी मारते, दुसऱ्यापाशी गप्प बसते. इतकी देखणी चूक तिने कधी पाहिली नव्हती.

कमान आहे म्हणजे ती कुठल्यातरी वर्तुळाचा तुकडा असणार. मग त्या वर्तुळाची त्रिज्या किती? तिने मॉडेलमध्ये तीन बिंदूंतून कमान काढून पाहिली, तर प्रोग्रामने नकार दिला. वक्र फार सपाट आहे, म्हणाला. तेव्हा तिने टेबलाच्या खणातला जुना कॅल्क्युलेटर काढला. लांबीचा वर्ग, भागिले मधल्या उंचीची आठपट. उत्तर आलं चौसष्ट लाख.

चौसष्ट लाख मीटर. दशांश चिन्ह कुठेतरी घसरलं असेल, असं तिला वाटलं. तिने एकतिसाव्या फ्रेमचा आकडा घेऊन हिशोब नव्याने केला. चौसष्ट लाख. सोळाव्या फ्रेमवरून केला. थोडं कमी, पण जवळजवळ तेच.

चौसष्ट लाख मीटर म्हणजे सहा हजार चारशे किलोमीटर. हा आकडा ओळखीचा होता. ऑफिसातला नव्हे, त्याआधीचा. शाळेत तो पाठ करून घेतला होता, रिकाम्या जागा भरा या प्रश्नात तो यायचा, आणि तिने एका गुणासाठी तो भरलाही होता.

पृथ्वीची त्रिज्या.

खाली शिंप्याचं मशीन चाललं होतं. शेजारच्या टेबलावर कोणीतरी फोनवर बोल्टांच्या मापावरून वाद घालत होतं. ताई हातात पेन्सिल धरून बसून राहिली. समोरच्या कागदावर, तिने स्वतः काढलेल्या त्या रेघेत, पृथ्वी होती. चित्रातली नव्हे, नकाशातली नव्हे. एका सडपातळ माणसाने लोखंडाच्या तुकड्यांवर लेव्हल धरून धरून मोजलेली, खरी. मिस्त्रीने प्रत्येक बीम पाण्याच्या पातळीला लावला होता, आणि पाणी पृथ्वीभोवती वळतं. किरण मात्र वळला नाही, तो सरळ गेला. तिचं मॉडेलही सरळच होतं, कारण मॉडेलमधलं जग सपाट होतं. तिथे जमीन कितीही लांब ओढा, ती वळतच नाही.

मिस्त्री बरोबर होता. किरणही बरोबर होता. चूक फक्त अहवालात होती, आणि तो तिने लिहिला होता.

तिने आधी प्रयोगशाळेत फोन केला. तिथल्या डॉक्टरबाई या कामाच्या प्रमुख होत्या. ताईने सगळं सांगितलं, अडखळत, कारण इतक्या शिकलेल्या बाईला पृथ्वी गोल आहे हे सांगणं तिला विचित्र वाटत होतं.

"बरोबर आहे," डॉक्टरबाई म्हणाल्या. "नळीच्या नकाशावर सतरावी टीप आहे त्याबद्दल. नळी सरळ हवी, पातळीत नव्हे. प्रत्येक बैठकीवर कमीजास्त जाडीच्या प्लेटा घालून घ्यायच्या."

"नळीचा नकाशा आमच्याकडे आलाच नाही. आमच्याकडे फक्त सांगाडा होता."

"आलाच नाही?" डॉक्टरबाईंनी विचारलं. "म्हणजे तुम्ही हे आकड्यांवरून शोधलंत? कोणी न सांगता?"

"शोधलं म्हणजे... त्रिज्या काढली, तर ती निघाली."

 "मी हे पुस्तकात वाचलं होतं," डॉक्टरबाई म्हणाल्या. "मला हे असं कधी भेटलं नाही. खरं सांगू, मला तुमचा हेवा वाटतोय."

साहेबांना सांगणं जास्त अवघड गेलं. त्यांनी कमानीचा कागद डोळ्यांजवळ नेला, लांब धरला, चष्मा काढून पुसला. "ताई," ते म्हणाले, "माझ्या सहीचं पत्र गेलंय, की पृथ्वी अठरा मिलिमीटर खाली घ्यावी." मग स्वतःच हसायला लागले, आणि हसता हसता पत्र मागे घेण्याचं पत्र सांगायला लागले.

संध्याकाळी घरी जेवताना तिने सासूबाईंना सांगितलं. सासूबाई दवाखान्यात पस्तीस वर्षं नर्स होत्या. कुठलीही गोष्ट नाडी तपासल्याशिवाय खरी मानायची त्यांची सवय नव्हती.

"म्हणजे पाणी सपाट नसतं?" त्यांनी विचारलं.

"नाही, आई."

"बादलीतलं?"

"तेही नाही. फक्त किती गोल, ते आपल्याला मोजता येणार नाही."

सासूबाईंनी समोरच्या पेल्याकडे पाहिलं. नवरा भांडी धुवायला उठला होता, तोही नळ बंद करून ऐकत उभा राहिला. "आणि मी इतकी वर्षं सलाईनची बाटली डोळ्यासमोर धरून रेघ बघत होते," सासूबाई म्हणाल्या. मग त्यांनी पेला उचलला, थोडं पाणी प्यायल्या आणि तो अगदी हळू खाली ठेवला.

दुसऱ्या दिवशी ताई जागेवर गेली. गावाबाहेर, गवताच्या माळावर तो सांगाडा पडून होता. त्यावर पत्रे चढले होते, टोकं उघडी होती. आत शिरून तिने समोर पाहिलं. फ्रेमा एकामागे एक लहान होत गेल्या होत्या, आणि शेवटी पलीकडच्या उजेडाचा नखाएवढा चौकोन होता. पडद्यावर तिने ही इमारत शेकडो वेळा इकडून तिकडे फिरवली होती. ती एवढी लांब आहे हे तिला ठाऊक नव्हतं.

मिस्त्री सातव्या फ्रेमपाशी होता. तिने आधी माफी मागितली. "तुमची लेव्हल बरोबर होती. मी चुकले. पत्र मागे घेतलंय."

मिस्त्रीने मान डोलावली. "बरं." मग थोड्या वेळाने, "पण मग ती किरणवाली माणसं चुकली का?"

"नाही. तीही बरोबर."

"दोघं बरोबर कसे असतील, बाई?"

तिने पाठीवरच्या पिशवीतून कमानीचा कागद काढला. मिस्त्रीने तो बीमवर पसरला आणि चारही कोपऱ्यांवर एकेक नट ठेवला. ताई सांगत गेली. तो बोट त्या रेघेवरून सावकाश फिरवत होता, या टोकापासून त्या टोकापर्यंत.

"मला डोळ्यांनी बघायचंय," तो शेवटी म्हणाला.

त्याने आणि त्याच्या दोन जोडीदारांनी दिवसभर खपून अकराही बीम होते तिथे परत चढवले. दुसऱ्या दिवशी पहाटे डॉक्टरबाईंचा माणूस किरणाचं यंत्र घेऊन आला. स्वतः डॉक्टरबाईही आल्या, पायात रबरी बूट घालून. पहिल्या बीमच्या बैठकीपासून किरण बरोबर दोनशे मिलिमीटर वर धरला. शेवटच्या बीमवरही दोनशे. मग मिस्त्रीने एक पांढरं कार्ड आणि आपली पोलादी पट्टी घेतली. "मीच वाचतो," तो म्हणाला. ताईने वही धरली.

ते चालायला लागले. आत गारवा होता, आणि बूट वाजू नयेत म्हणून सगळे उगाचच हळू चालत होते. सोळाव्या फ्रेमपाशी मिस्त्रीने बैठकीवर पट्टी उभी केली, कार्ड धरलं. कार्डावर लाल ठिपका उमटला. "एकशे ब्याण्णव," तो म्हणाला. एकतिसाव्याला एकशे साडेशहाऐंशी. शेहेचाळिसाव्याला एकशे त्र्याऐंशी. प्रत्येक आकडा सांगताना त्याचा आवाज बारीक होत गेला.

एकसष्टाव्या फ्रेमपाशी त्याने पट्टी उभी केली, पाहिलं, पट्टी काढली, बीम बाहीने पुसला आणि पुन्हा उभी केली.

"एकशे ब्याऐंशी," तो म्हणाला.

मग त्याने पाणसळ काढली, लाकडी, कडा झिजलेली, आणि ती बैठकीवर ठेवली. बुडबुडा बरोबर मधे थांबला. किरण त्यांच्या छातीसमोरून जात होता, दिसत नव्हता, पण कार्ड आडवं धरलं की तिथे असायचा.

"इथे लेव्हल आहे," मिस्त्री म्हणाला.

"आहे," ताई म्हणाली.

"पहिल्या फ्रेमलाही लेव्हल आहे. शेवटच्यालाही."

"हो."

"आणि तरी हे मधे वर आहे." त्याने बीमवर तळहात ठेवला, जनावराच्या पाठीवर ठेवावा तसा. "कशाच्या वर आहे, तर सरळ रेघेच्या वर. म्हणजे वर तर नाहीच. जमीनच अशी आहे."

डॉक्टरबाई थोड्या मागे उभ्या होत्या. 

"आणि खांब?" मिस्त्रीने एकदम विचारलं. "खांब मी ओळंब्यात लावलेत. ओळंबा तर खाली, पृथ्वीच्या मध्याकडे जाणार. मग पहिला खांब आणि शेवटचा खांब समांतर नाहीत."

ताईने हे मोजलं नव्हतं. तिने वहीच्या कोपऱ्यात हिशोब केला. "नाहीत. वरच्या बाजूला ते एकमेकांपासून जरा लांब आहेत. जेमतेम एक मिलिमीटर."

"एक मिलिमीटर," मिस्त्री म्हणाला. त्याने वर पाहिलं, जिथे खांब छताला भिडत होते. दोन्ही बाजूंना साठ साठ फ्रेमा अंधुक होत गेल्या होत्या. प्रत्येक खांब त्याने स्वतः ओळंब्यात धरला होता, आणि प्रत्येक खांब आपापल्या जागेवरून एकाच ठिकाणाकडे बोट दाखवत होता, सहा हजार चारशे किलोमीटर खाली.

"बाई, तीस वर्षं मी लेव्हल लावतोय," तो म्हणाला. "गोदामं बांधली, शाळा बांधल्या, दोन पूल बांधले. मला वाटायचं, मी सरळ बांधतोय. म्हणजे ते सगळं थोडं थोडं गोल होतं."

"सगळं," डॉक्टरबाई मागून म्हणाल्या.

मिस्त्रीने टोपी काढली. कोणासमोर काढतात तशी नव्हे. उकडल्यावर काढतात तशी काढली आणि हातातच ठेवली.  ताईने आपले पाय पाहिले, सिमेंटवर टेकलेले. त्या क्षणी तिला पायांखालची सबंध जमीन जाणवली, केवढी तरी मोठी, कुठेही कडा नसलेली, आणि तिच्या पाठीवर ते चौघं सरळ उभे होते, प्रत्येक जण जरा वेगळ्या दिशेने सरळ.

राहिलेल्या साठ फ्रेमाही त्यांनी चालून मोजल्या. गरज नव्हती, आकडे तेच उलटे येणार होते, आणि तेच आले. पण मिस्त्रीला शेवटपर्यंत जायचं होतं, आणि कोणी नाही म्हटलं नाही. शेवटच्या बीमवर पट्टी पुन्हा दोनशेवर आली तेव्हा बाहेर ऊन पडलं होतं.

पुढचं काम साधं होतं. ताईने मॉडेलमध्ये प्रत्येक बैठकीसाठी प्लेटांची जाडी काढली: टोकांना अठरा मिलिमीटर, मध्याकडे येत येत शून्य. सांगाड्याच्या नकाशावर, जिथे आधी काही लिहिलं नव्हतं, तिथे तिने एक टीप लिहिली, आणि ती साध्या भाषेत लिहिली, म्हणजे पुढे कोणी आगगाडीची शेड समजू नये. प्लेटा कापून आल्या, मिस्त्रीने घातल्या, नळी बसली. डॉक्टरबाईंनी फोन करून कळवलं की किरण पलीकडे पोहोचला, नळीला कुठेही न लागता.

सुट्टीच्या दिवशी मिस्त्री बायकोला तिथे घेऊन आला. ताईही त्या दिवशी नवऱ्याला आणि सासूबाईंना दाखवायला आली होती, म्हणून तिने ते पाहिलं. मिस्त्रीची बायको ठेंगणी, बोलकी बाई होती. तिने लांबवर नजर टाकली, नवऱ्याचं सगळं ऐकून घेतलं, आणि मग विचारलं, "ते ठीक. पण मग उंच बाजू कुठली?"

मिस्त्रीने एकदा या टोकाकडे पाहिलं, एकदा त्या टोकाकडे.  "उंच बाजू नाहीच," तो म्हणाला. "जिथे उभी राहशील तिथे तूच वर."

"हे बरंय," ती म्हणाली, आणि पलीकडच्या टोकाकडे चालायला लागली. सासूबाईही तिच्या मागोमाग निघाल्या, मधूनमधून थांबून एखाद्या खांबाला हात लावत. ताई दाराशीच उभी राहून त्या दोघींना लहान होत जाताना बघत राहिली.